पन्हळदादांचा आळस

माझ्या सासऱ्यांना अख्खी गिरणी पन्हळदादा म्हणायची. गिरणीत कुणी मागावर असायचं, कुणी कांडीवर, कुणी बॉयलरवर. हे एकटे छपरावर. खालच्यांचे हात सुतात, तर यांचे कोपरापर्यंत चिखलात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिली तंबी दिली ती स्वयंपाकाची नव्हती. "यांचे कपडे वेगळे भिजवायचे," त्या म्हणाल्या, "नाहीतर घरभर कबुतरांचा वास सुटतो."

हे छप्पर काय होतं ते सांगितल्याशिवाय या माणसाचं काहीच कळणार नाही. गिरणी बांधली राणीच्या राज्यात, वाफेचं कौतुक नवं होतं तेव्हा. रस्त्यावरून पाहिलं तर थाट राजवाड्याचा. लाल विटा, खिडक्यांवर दगडी कमानी, दरवाज्याच्या माथ्यावर कोरलेली कापसाची बोंडं आणि कोपऱ्यात पाण्याच्या टाकीचा मनोरा. आमच्या खोल्या मागच्या बाजूला होत्या. तिकडून पाहिलं तर सगळी ओबडधोबड वीट, ना गिलावा ना नक्षी. पहिल्या मालकाला तोंड साहेबांना दाखवायचं होतं आणि पाठ आम्हाला. इंजिनाला म्हणे त्यानं आपल्या बायकोचं नाव दिलं होतं. म्हातारे कामगार सांगायचे, एकदा पेटल्या की दोघीही लवकर निवत नसत.

सूत कातायचं ते चार मजल्यांवर. तिथे ओतीव लोखंडाचे खांब आणि विटांच्या उथळ कमानींवर तोललेल्या जमिनी, कारण कापूस पेटायला निमित्त लागत नाही आणि लाकडाचे मजले असते तर एका ठिणगीत सगळं गेलं असतं. विणायचं मात्र जमिनीलगत. शेकडो माग एका वेळी धडधडले की वरचा मजला हादरला असता. म्हणून विणखातं एकमजली, एवढं अफाट की या टोकाचा माणूस त्या टोकाला ओळखू येत नसे. भिंतींना खिडकी नावाला नाही. उजेड येणार तो फक्त वरून.

त्यासाठी छप्पर करवतीच्या दातांसारखं केलेलं. प्रत्येक दाताची उतरती बाजू दक्षिणेला, कौलांची. उभी बाजू उत्तरेला, काचेची. ऊन थेट आत आलं की सूत वाळतं, तटातट तुटतं, आणि सावल्या पडल्या की कापडातला दोष दिसत नाही. उत्तरेचा उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखाच. ज्यानं हे डोकं चालवलं त्याला मी मानते, पण कामगाराला वारा मिळावा म्हणून एक झरोका ठेवायला त्याचं डोकं चाललं नाही.

दोन दातांच्या मध्ये एकेक लोखंडी पन्हळ. सगळ्या छपराचा पाऊस तिच्यात उतरणार. पण ती इमारतीच्या मधोमध, मग पाणी बाहेर काढायचं कुठून? बांधणाऱ्यानं खांबच पोकळ केले. पावसाचं पाणी पन्हळीतून खांबात, खांबातून जमिनीखालच्या नाल्यात, तिथून मागच्या तळ्यात आणि तळ्यातून बॉयलरला. ज्यांनी छप्पर पेललं तेच पाणीही प्यायचे. पन्हळीचं तोंड तुंबलं तर मात्र पाणी वरच साचणार, छप्पर तोलणाऱ्या लाकडी कैच्यांच्या टोकांत मुरणार, लाकूड कुजणार, काचा निसटणार. आणि तुंबायला काय हवं? कापसाचे उडालेले तंतू, कबुतरांची घाण, वाळकी पानं, सगळ्याचा मिळून लगदा होतो. त्यात पिंपळाचं बी पडलं की झालंच.

मामंजींचं आयुष्य या लगद्याशी भांडण्यात गेलं. पायाला पोत्याच्या चिंध्या बांधायचे, हातात खुरपं आणि बादली घ्यायचे आणि शिडीनं वर जायचे. पाय ठेवायचा तो पन्हळीतच, काचेवर कधी नाही. मागांच्या आवाजात आणि उत्तरेच्या काचांखाली विणकरांना बाहेर पाऊस आहे की नाही कळायचं नाही. ते खांबाला हात लावायचे. खांब गार लागला की पाऊस. बायका एकमेकींना खुणेनं सांगायच्या आणि घरी वाळत घातलेल्या कपड्यांसाठी कपाळाला हात लावायच्या.

घरातही त्यांचं तेच. मोरीच्या भोकापाशी भाताचं एक शीत दिसलं तरी मला हाक. "सूनबाई, घर पाण्यानं पडत नाही, कचऱ्यानं पडतं." मी म्हणायचे, "मामंजी, मोरी माझी, छप्पर तुमचं. आपापल्या हद्दीत राहू या." ते हसायचे आणि शीत स्वतः उचलायचे. मला राग यायचा आणि हसूही यायचं. माणूस कामात चोख होता आणि ते त्याला ठाऊक होतं. त्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसत.

मग गिरणी बंद पडली. माग भंगारात गेले. कंपनीला तिथे टॉवर उठवायचा होता आणि सरकारनं दाराला पाटी ठोकली, ही वारसा इमारत आहे, हिला हात लावायचा नाही. दुरुस्तीला पैसे कोण देणार यावर मात्र सरकार गप्प. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. इमारत तशीच उभी राहिली. मामंजींना कंपनीनं राखणदार म्हणून ठेवलं, विणखात्याला टेकलेली आमची खोलीही ठेवली. सासूबाई तोवर गेल्या होत्या. माग थांबले, कामगार पांगले, पण हे पूर्वीसारखेच वर चढायचे. खाली कुणी नव्हतं, तरी छप्पर कोरडं.

त्या कोरड्या छपरावर एकीनं सगळी आशा ठेवली होती. मामंजींची धाकटी बहीण, म्हणजे नवऱ्याची सख्खी आत्या. उभा जन्म मागावर गेलेली, बोलणं खणखणीत, कारण मागांच्या आवाजात हळू बोलून कुणाचं भागलंय? आत्यांनी वस्तीतल्या जुन्या विणकर बायका गोळा केल्या. जुने माग कुठून तरी मिळवून विणखात्याच्या एका भागात काम सुरू करायचं, आपलं आपण विणायचं, आपलं आपण विकायचं. सरकारच्या वारसा समितीनं मान डोलावली. अट एकच, छप्पर धड असलं पाहिजे. समितीची इंजिनिअरबाई येऊन पाहून गेली आणि म्हणाली, छप्पर ठणठणीत आहे, बाकीचं पुढच्या बैठकीत. समितीच्या बैठका समितीच्या चालीनं होणार होत्या.

"दादा, तुझ्या जिवावर उडी मारलीय हं," आत्या म्हणाल्या.

"मार की," मामंजी म्हणाले. "खाली पडू देतो काय तुला!"

यानंतर आला कंपनीचा नवा मॅनेजर. वस्तीनं त्याचं नाव दोन दिवसांत गोडबोल्या ठेवलं. तो आमच्या खोलीत आला, स्टुलावर बसला, मी दिलेला चहा संपवला, कपाचं कौतुक केलं.

"दादा, या वयात छपरावर चढता? मला काल झोप लागली नाही. पाय घसरला तर मी तुमच्या मुलाला काय तोंड दाखवू?"

"नाही घसरत," मामंजी म्हणाले.

"नाही घसरणार हो. पण आता पुरे. आराम करा. पगार चालू, खोली चालू. वर जायचं नाही, एवढंच."

"मग पन्हळी कोण काढणार?"

"बघू की. माणूस लावू." आणि त्यानं छपराकडे नाही, दारात उभ्या माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

माणूस कधी लागणार नव्हता हे आम्हा तिघांनाही कळलं. मामंजींना घरी बसवायचं ते छप्पर पाडायलाच, पण पाडा असा शब्द कुणी काढायचा नाही. हातोडा मारला तर कायदा आडवा येणार. पाऊस मारील त्याला कोण अडवणार? कंपनीचा खोकला सुंठीवाचून जाणार होता.

पुढचं बोलणं मॅनेजरनं माझ्या नवऱ्याशी बाहेर केलं. जागा मोकळी झाली की टॉवरमध्ये आम्हाला घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास घरात. माझा नवरा मालाच्या गाडीवर ड्रायव्हर. त्याच्या कमाईत असलं घर या जन्मी होणार नव्हतं. घर मलाही हवं होतं. सार्वजनिक नळावर रांग लावून जिची उमर गेली तिनं घर नको म्हणावं अशी अपेक्षा करणाऱ्यांनी आधी एकदा बादली घेऊन उभं राहावं.

पण त्या संध्याकाळी नवरा बापाशी जे बोलला ते मला सोसवलं नाही.

"बाबा, काही करायचं नाहीये तुम्हाला. नुसतं बसायचंय."

"तुझ्या आत्याचं काय?"

"आत्या म्हाताऱ्या झाल्या. चार दिवस माग चालवतील आणि मग? आमचं सगळं आयुष्य पडलंय."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं म्हणतात रे."

"मग गोतालाच सांभाळा! आम्ही गोत नाही का?"

मामंजी बराच वेळ पायाच्या चिंध्या सोडत बसले. गाठी भिजून घट्ट झाल्या होत्या. मी कात्री दिली ती घेतली नाही. शेवटी म्हणाले, "बरं." तेवढंच.

दोन पावसाळे ते बसले. रिकामं बसणं त्यांना येतच नव्हतं. खोलीच्या दारात खुर्ची टाकून भिंतीकडे पाहायचे, कारण समोर विणखात्याची भिंतच होती. पाऊस लागला की खुर्ची आत घ्यायचे आणि रेडिओ मोठ्यानं लावायचे. गोडबोल्या महिन्याला चक्कर मारायचा, तब्येतीची चौकशी करायचा. आत्या रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "दादा, खांब गार आहेत ना?" विणखात्याला मॅनेजरचं कुलूप होतं, बिचारीला आत जाऊन हात लावायची सोय नव्हती. "आहेत," हे म्हणायचे. आयुष्यात खोटं बोलायला लागले ते सत्तरी ओलांडल्यावर, आणि तेही बहिणीशी.

एक गोष्ट मात्र त्यांनी आमच्यापासूनही लपवली. एक पन्हळ ते काढत होते. नवरा कामावर आणि मी नळावर असताना जात असावेत. मला चिंध्या ओल्या दिसल्या तेव्हा कळलं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढे लोकांनी याची गोड गोष्ट केली, की सासूबाई चालवायच्या ते माग त्या पन्हळीखाली होते म्हणून. साफ खोटं. सासूबाईंचे माग दुसऱ्या टोकाला होते. ही पन्हळ शिडीच्या सगळ्यांत जवळ होती आणि ऑफिसच्या खिडकीतून दिसत नव्हती, बस. दारुड्याला जसं थोडं तरी लागतंच तसं यांना ते काम लागत होतं.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी, भर दुपारी, विणखातं बसलं. मोठा आवाज होईल असं वाटलं होतं, तसा झाला नाही. आधी काचा निसटत गेल्या, मग कुजलेल्या कैच्या एकामागून एक खाली आल्या आणि चिखलानं भरलेल्या पन्हळी त्यांच्यावर. धूळसुद्धा उडाली नाही, सगळं इतकं भिजलेलं. आत कुणी नव्हतं म्हणून कुणी मेलं नाही. मामंजी खुर्चीतच होते. त्यांनी रेडिओ बंद केला.

दोन दिवसांनी इंजिनिअरबाई आली. गोडबोल्या छत्री धरून मागे. वस्ती जमली, पुढे आत्या. बाई पडलेल्या भागात फिरली आणि मग शिडीनं वर चढली, कारण एक दात उभा होता. शिडीजवळचा. कौलं जागेवर, काचा अखंड. खाली उतरली तेव्हा तिचे हात स्वच्छ होते. तिनं ते सगळ्यांना दाखवले.

"ही एकच पन्हळ चकचकीत कशी?" तिनं मामंजींना विचारलं. "दादा, ही तुम्ही काढत होतात?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला चढता येत होतं. मग बाकीच्या का नाही काढल्या?"

मामंजींनी पायाखालचं एक कौल उचलून बाजूला ठेवलं.

बाई जवळ आली, आवाज मऊ केला. "तुम्हाला कुणी वर जायला मनाई केली होती का? तसं असेल तर सांगा. मालकानं मुद्दाम पडू दिलं असं ठरलं तर त्याला हे सगळं पुन्हा जसंच्या तसं बांधून द्यावं लागेल. या बायकांना त्यांची जागा मिळेल. तुमच्या एका शब्दावर आहे."

कायदा असाही आहे हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. आत्यांच्या चेहऱ्यावर मी ते उमटताना पाहिलं. पडलेलं छप्पर पुन्हा उभं राहू शकतं! त्या एक पाऊल पुढे आल्या. "दादा, सांग की. घाबरतोस कुणाला?"

मामंजींनी गोडबोल्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं. माझा नवरा खाली बघत बुटाच्या टोकानं एक विटेचा तुकडा उलटसुलट करत होता. त्यानं वर पाहिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करते. त्यानं पाहिलं नाही.

"मनाई कसली?" मामंजी म्हणाले. "आळस केला मी."

"दादा!" आत्या म्हणाल्या.

"जवळची तेवढी काढली. लांबच्या राहिल्या. कंटाळा यायचा. काम चुकवलं, दुसरं काय?"

जन्मात ज्या माणसानं तापातसुद्धा शिडी सोडली नाही, तो सगळ्या वस्तीसमोर स्वतःला कामचोर म्हणत होता आणि ज्यांना ते एरवी खरं वाटलं नसतं तीच माणसं एकामागून एक ते खरं मानत होती. मला दिसत होतं. आधी अविश्वास, मग राग. कारण एक पन्हळ स्वच्छ होती ना! ज्याला एक काढता येते त्यानं बाकीच्या काढल्या नाहीत, याला दुसरं नाव काय द्यायचं? एकही काढली नसती तर लोक म्हणाले असते, म्हातारा थकला होता. हात दाखवून अवलक्षण.

आत्या भांडल्या नाहीत. भांडतील म्हणून मी वाट पाहत होते, मला ते हवं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "मला खांब गार आहेत म्हणून सांगत होतास." आणि बायकांना घेऊन निघून गेल्या.

गोडबोल्या शब्दाला जागला, हे त्याच्याविषयी सांगायलाच हवं. टॉवर उभा राहिला आणि नवव्या मजल्यावर आमच्या हातात किल्ली आली. खालच्या दर्शनी भागात जुन्या विटांची एक भिंत हौसेनं लावली आहे, तिच्यावर दिवे सोडले आहेत. कागदपत्रं मागून होतील असं सांगितलं. इंजिनिअरबाईनं वर काही तक्रार केली होती, चौकशी अजून पुरती मिटली नव्हती. ती मिटली की घर नवऱ्याच्या नावावर.

मामंजी त्या घरात फार बोलत नसत. वस्ती तीन गल्ल्या पलीकडे, पण ते कधी तिकडे गेले नाहीत. एकदा वाण्याच्या दुकानात एका जुन्या विणकरणीनं त्यांना पाहून स्वतःच्या तोंडावर पदर ओढला आणि पाठ फिरवली, तेव्हापासून खाली उतरणंच सोडलं. मी जेवायला बोलवायची, ते जेवायचे. गॅलरीत बसा म्हटलं की बसायचे. इथे छपरावर चढायला वाट नव्हती, मी खालच्या पहारेकऱ्याला विचारून ठेवलं होतं. वर जाणारं दार कुलूपबंद असतं.

ते गेले तेव्हा नवरा वस्तीत सांगायला गेला. परत आला तो एकटाच. आत्यांच्या दाराला आतून कडी होती, म्हणाला. दार वाजवलं, आत माणसांची हालचाल होती, कुणी उघडलं नाही. खांद्याला माणसं हवीत, आणि आमच्या मजल्यावर शेजाऱ्यांची दारं बंद, तीही आतूनच. शेवटी टॉवरचे तीन पहारेकरी आले. चांगली पोरं होती, टोप्या काढून आली.

लिफ्टमध्ये मामंजी आडवे मावेनात. त्या पोरांतला एक चाचरत म्हणाला, "उभं करून न्यावं लागेल." मी म्हटलं, "जिन्यानं न्या." नऊ मजले उतरायचे होते, मधे मधे टेकायला लागत होतं. एका ठिकाणी टेकले तेव्हा त्या पोरानं घाम पुसत सहज विचारलं, "आजोबा काय करायचे?"

"काही नाही," माझा नवरा म्हणाला. "घरीच असायचे."

मी दोन पायऱ्या वर होते. माझा तोल सुटला. "काही नाही? सांगा की त्याला! उभ्या गिरणीत ज्यानं पावसाचा थेंब पडू दिला नाही, तो माणूस आहे हा! ज्यानं तुमच्यासाठी सख्ख्या बहिणीसमोर—"

"हळू," नवरा म्हणाला. त्यानं आधी जिन्याच्या वर पाहिलं, मग खाली. "कुणी ऐकेल. घर अजून नावावर झालेलं नाही."